एक मराठी अर्ज आणि पंचावन्न दिवस

पैशाच्या देण्याघेण्यातील मराठी शब्द आपल्याकडे फार जुने आहेत. 'नावे' आणि 'जमा' ही जोडी पेढीवरच्या कारकुनाला जशी ठाऊक होती, तशीच ती आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक होती. रोजकीर्द, खतावणी, शिल्लक, बाकी, भरणा, उचल, वटणावळ हे शब्द कोणा समितीने बसून घडविलेले नव्हेत. व्यवहार करता करता ते रूढ झाले आणि मोडी अक्षरांतल्या चोपड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या नांदले. राज्यकर्त्यांनीही व्यवहाराच्या भाषेची चिंता वाहिली. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात राज्यकारभारातील शब्दांचे अनेक भाषांतील पर्याय देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली प्रसिद्ध झाला.

एवढी शब्दसंपत्ती पाठीशी असताना सीमाभागातील मराठी माणूस बँकेच्या खिडकीपाशी उभा राहिला की स्वतःची तक्रार स्वतःच्या भाषेत लिहावयास कचरतो. 'इथे मराठी चालत नाही' असे कोणी म्हणण्याआधीच तो ते गृहीत धरतो. मग शेजारच्या पदवीधर मुलाकडून इंग्रजीत चार ओळी लिहून घेतो, त्यात काय लिहिले आहे ते न कळता सही करतो आणि घरी येतो. २०२३ च्या जून ते ऑगस्ट या काळात आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यातून या गृहीताविषयी आम्हांस जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच. बँकांची नावे येथे देण्याचे कारण नाही. अशी अडचण कोणत्याही बँकेत येऊ शकते.

आमच्या मातोश्री खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांत चौतीस वर्षे शिक्षिका होत्या. त्यांचे निवृत्तिवेतन बेळगावातील एका बँकेत जमा होते. शाळा उघडल्या की पहिल्या आठवड्यातच, ज्या शाळेतून ती निवृत्त झाली तेथील मुलांसाठी आई वह्या घेऊन जाते. कर्नाटकात शाळा मेअखेरीस उघडतात. त्याप्रमाणे ३ जून २०२३ रोजी, शनिवारी संध्याकाळी, ती आमच्यासह बाजारपेठेत आली. वह्यांच्या दुकानालगत एक एटीएम आहे. मात्र ते तिच्या बँकेचे नव्हे, दुसऱ्या बँकेचे. पडद्यावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा आल्या. लिपी तरी आपली, म्हणून आईने हिंदी निवडली आणि दहा हजारांचा आकडा घातला. आत नोटा मोजल्याचा खडखडाट झाला, मध्येच थांबला, आणि पडद्यावर दिलगिरीचे एक वाक्य उमटले. पैसे आले नाहीत, चिठ्ठीही आली नाही. मिनिटभरात तिच्या फोनवर संदेश मात्र आला, की खात्यातून १०,००० रुपये काढले गेले आहेत.

वह्या अगोदरच बांधून ठेवलेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "न्या हो बाई, पैसे कुठं पळतात?" आईने वह्या नेल्या, परंतु त्या रात्री ती नीट जेवली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही तिने कोणाच्या वहीत आपल्या नावापुढे बाकी लिहू दिली नव्हती.

यंत्राने असे का केले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात घातले, की यंत्राची विचारणा मध्यवर्ती जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. खात्यात रक्कम असेल तर ती बँक तत्क्षणी ती नावे टाकते आणि 'द्या' असा निरोप यंत्राला पाठविते. यंत्र नोटा मोजावयास लागते. येथे नोटा अडकल्या, वीज गेली किंवा संपर्क तुटला, तर नोटा आतच राहतात; काही वेळा त्या बाजूला काढलेल्या नोटांच्या वेगळ्या डब्यात पडतात. अशा वेळी 'दिले नाहीत, नोंद फिरवा' असा उलट निरोप यंत्राने पाठवावयाचा असतो. तो निरोप पोहोचला तर पैसे काही क्षणांत परत जमा होतात. तो वाटेत हरवला, तर खातेदाराच्या नावे रक्कम पडलेलीच राहते, आणि यंत्रातील रोकड मोजली जाते तेव्हा ती तेवढ्याच रकमेने जादा भरते. म्हणजे चुकीचा पुरावा यंत्राच्या पोटातच असतो. तो कोणीतरी मोजून पाहावा लागतो.

रविवारी घरी अर्जाची भाषा कोणती, यावर चर्चा झाली. आम्ही इंग्रजीत मसुदा करून दिला. आईने तो वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि स्वतःचा कागद काढला. "काम लवकर होईल," असे आम्ही म्हणताच ती म्हणाली, "पाचवीच्या मुलांना अर्ज लिहायला मीच शिकवला. उजव्या कोपऱ्यात दिनांक, डावीकडे प्रति, मग विषय, मग महोदय. माझाच अर्ज जर चालत नसेल, तर मी त्या पोरांना काय शिकवलं?" या प्रश्नावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. एका पानाचा तो अर्ज तिने दोनदा लिहून काढला; एक प्रत द्यावयाची, दुसरीवर पोच घ्यावयाची.

सोमवारी, ५ जूनला, शाखेत पाय ठेवावयास जागा नव्हती. दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घेण्याची घोषणा १९ मे रोजी झाली होती आणि २३ मेपासून त्या बदलून मिळत होत्या. त्याची रांग दारापर्यंत आलेली. तक्रारी पाहणारे अधिकारी तरुण होते, उत्तरेकडून बदलून आलेले, स्वभावाने सौम्य. त्यांना कन्नडही येत नव्हते आणि मराठीही. देवनागरी असल्यामुळे त्यांनी अर्जातील तारीख, रक्कम आणि खाते क्रमांक वाचला, परंतु अर्ज परत देत ते हिंदीत म्हणाले, की संगणकात तक्रार इंग्रजीत चढवावी लागते, तेव्हा अर्जही इंग्रजीत द्या. वर त्यांनी हेही सुचविले, की यंत्र दुसऱ्या बँकेचे असल्याने आधी तिकडे विचारावे.

ही दुसरी सूचना नियमाला धरून नव्हती. यंत्र कोणाचेही असो, खातेदाराने तक्रार करावयाची ती कार्ड देणाऱ्या आपल्याच बँकेकडे. पुढे दुसऱ्या बँकेशी बोलणे हे त्या बँकेचे काम. आईने एवढेच सांगितले, "संगणकात तुम्ही इंग्रजीत चढवा. माझं म्हणणं मात्र माझ्या शब्दांत तुमच्या दफ्तरी राहू द्या."

शेजारच्या मेजावर एक वयस्कर लिपिक बसले होते. घरी कन्नड बोलणारे, पण जन्म बेळगावात गेल्याने मराठी उत्तम समजणारे. ते उठून आले. "अज्जी, मी फारम भरून देतो की. तुमी तुमचा अर्ज त्याला जोडा," असे म्हणून त्यांनी बँकेचा छापील नमुना पुढे घेतला. तो तीन भाषांत होता. त्यातील कन्नड ओळी ते मोठ्याने वाचू लागले आणि आम्ही चकित झालो. खाते, शाखे, दिनांक, सही! ओळीमागून ओळ आमच्याच घरातली वाटावी. ठेवीला कन्नडमध्ये 'ठेवणी' म्हणतात. तो 'ठेवणे' या मराठी क्रियापदाचाच आप्त. अर्जाला 'अर्जी', रोख पैशाला 'नगदु', उरलेल्या येण्याला 'बाकी', भरण्याला 'जमा'. उत्तर कर्नाटकात पैशाला सर्रास 'रोक्का' म्हणतात, त्यातही आपल्या रोकडीचाच नाद ऐकू येतो. यांतले काही शब्द संस्कृतातून दोन्ही भाषांत आले, काही फारसी-अरबीतून आले, काही मराठी अमलात एकीकडून दुसरीकडे गेले. कागदावर पाहताना जो नमुना आईला परका होता, तो कानांवर पडताच तिला समजला. अडसर होता तो लिपीचा. आपल्या चळवळीत कन्नड भाषेविषयी अनुदार बोलणाऱ्यांनी हे एकदा ध्यानी घ्यावे: पैशाच्या व्यवहारापुरती तरी या दोन भाषांची चोपडी एकच आहे. आमची मागणी आपली भाषा राहावी एवढीच आहे; शेजारणीची भाषा जावी अशी ती कधीही नव्हती.

लिपिकांनी नमुना भरला, आईने त्यावर मराठीत सही केली, मराठी अर्ज त्यास जोडला गेला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व तक्रार क्रमांक मिळाला. ही पोच पुढे किती उपयोगी पडणार होती, याची कल्पना त्या दिवशी कोणासच नव्हती.

१९ जूनला उत्तर आले. इंग्रजीत दोन ओळी. त्यांचा आशय असा, की उपलब्ध नोंदींनुसार सदर व्यवहार यशस्वी झाला असून तक्रार बंद करण्यात येत आहे. आईने विचारले, "यशस्वी म्हणजे?" आम्ही अर्थ सांगितला. ती म्हणाली, "पैसे मला मिळाले नाहीत, मग यश कोणाला मिळालं?"

प्रश्न भाबडा नव्हता. यंत्रांच्या बोलीत 'यशस्वी' म्हणजे निरोपांची देवाणघेवाण पूर्ण झाली आणि उलट निरोप आला नाही, एवढेच. माणसाच्या हाती नोटा पडल्या की नाही, याविषयी तो शब्द काही सांगत नाही. परंतु तोच शब्द पत्रात उतरला की वाचणाऱ्यास वाटते, आपणच खोटे ठरलो. कितीतरी खातेदार येथेच थांबतात. ज्यांना इंग्रजी येत नाही ते पत्र घेऊन जाणत्याकडे जातात, तो म्हणतो 'बँक नाही म्हणते', आणि विषय संपतो.

या टप्प्यावर आम्ही रिझर्व्ह बँकेचे नियम काढून वाचले. फसलेल्या व्यवहारांविषयीचे परिपत्रक २० सप्टेंबर २०१९ चे आहे आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. त्यानुसार खात्यातून रक्कम वजा झाली पण यंत्रातून नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत बँकेने ती आपणहून परत जमा करावयाची असते. दिवस पंचांगाप्रमाणे धरावयाचे. सुट्ट्या वगळावयाच्या नाहीत. पाच दिवस उलटले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा व्हावयास हवी, आणि तीही त्याने मागण्याची वाट न पाहता. आमच्या बाबतीत ही मुदत ८ जूनला संपली होती. नियम इतका स्पष्ट आहे, तरी तो त्या यंत्रावर, शाखेतील फलकावर किंवा आलेल्या पत्रात कोणत्याही भाषेत आम्हांस आढळला नाही.

२१ जूनला आईने दुसरे पत्र लिहिले, बँकेच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्यांना, नोंदणीकृत टपालाने. त्यात तिने तीनच गोष्टी विचारल्या. त्या यंत्राच्या अंतर्गत नोंदवहीत ३ जूनच्या त्या वेळी काय लिहिले गेले? त्यानंतर यंत्रातील रोकड मोजली गेली तेव्हा ती बरोबर भरली की जादा? आणि कॅमेऱ्याच्या चित्रणात नोटा बाहेर आलेल्या दिसतात काय? वाचकांनी हे तीन प्रश्न लक्षात ठेवावेत. 'व्यवहार यशस्वी' या उत्तराला भावनेने उत्तर देता येत नाही. या तीन प्रश्नांनी देता येते.

या पत्राला उत्तर आले नाही. दरम्यान दुकानदाराची उधारी आईने जुलैच्या निवृत्तिवेतनातून फेडली आणि त्या महिन्यात गुडघ्याच्या औषधाला कात्री लावली. हे आम्हांस नंतर औषधाच्या डबीवरून कळले.

पहिल्या तक्रारीस तीस दिवस होऊन गेल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग मोकळा होता. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तिच्याविषयी सामान्यतः एवढेच सांगितले जाते, की तक्रार संगणकावरून करता येते. परंतु भाषेच्या दृष्टीने तिच्यातील मोलाची गोष्ट निराळी आहे. टपालाने किंवा ईमेलने येणाऱ्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेने चंडीगड येथे एक केंद्र उघडले आणि तेथे कोणत्याही भाषेतील तक्रार स्वीकारली जाईल, असे त्याच वेळी जाहीर केले. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक ठेवला. तेथे हिंदी-इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषांतूनही बोलता येते, आणि त्यांत मराठी आहे.

म्हणजे स्थिती अशी झाली: बेळगावात, जेथे मराठी बोलणारा माणूस पावलोपावली भेटतो, तेथील शाखेत मराठी अर्जासाठी अर्धा तास बोलावे लागले, आणि दीड हजार किलोमीटरांहून दूर, पंजाब-हरियाणाच्या राजधानीत, मराठी अर्जाला दार उघडे होते. ७ जुलैला आईने चंडीगडच्या सेक्टर १७ मधील त्या केंद्राच्या पत्त्यावर आपला तिसरा मराठी अर्ज स्पीड पोस्टाने पाठविला. सोबत पहिल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत, बँकेचे दोन ओळींचे उत्तर, दुसऱ्या पत्राची टपालपावती आणि पासबुकाच्या पानाची नक्कल जोडली. काही दिवसांनी फोनवर तक्रार क्रमांकाचा संदेश आला. अर्ज कोणी परत केला नाही, भाषांतर मागितले नाही.

२६ जुलैला बँकेच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. बोलणारे गृहस्थ आदबीने बोलत होते. २८ जुलैला, म्हणजे व्यवहाराच्या पंचावन्नाव्या दिवशी, १०,००० रुपये खात्यात परत जमा झाले. मागाहून आलेल्या पत्रात कारण होते: यंत्राच्या मालक बँकेने रोकड पुन्हा ताडून पाहिली, तेव्हा ती तेवढ्या रकमेने जादा भरली होती. पाचशेच्या वीस नोटा एवढे दिवस कोणाच्या तरी हिशेबात 'जादा' म्हणून पडून होत्या.

आम्हांस वाटले, झाले. आई मात्र दिनदर्शिका घेऊन बसली. ८ जून ते २८ जुलै हे दिवस तिने बोटांवर मोजले. पन्नास. शंभर रुपयांप्रमाणे पाच हजार. ते जमा झालेले नव्हते. "दहा हजार माझे होते ते मला मिळाले. हे पाच हजार नियमाचे आहेत," असे म्हणून तिने चौथा अर्ज लिहिला. २१ ऑगस्टला पाच हजार रुपये जमा झाले. या खेपेस शाखेत तिचा अर्ज घेताना कोणी भाषेविषयी चकार शब्द काढला नाही. त्या लिपिकांनी पोच देताना विचारले, "अज्जी, शाळेत शिकवत होता काय? अक्षर बघून वाटलं."

आता प्रश्न असा, की मराठीत लिहिल्यामुळे पैसे मिळाले काय? तसा दावा आम्ही करीत नाही. इंग्रजीत लिहिले असते तरी नियम तोच होता आणि जादा रोकड तेवढीच होती. परंतु मराठीत लिहिल्यामुळे एक गोष्ट निश्चित घडली: तक्रार शेवटपर्यंत आईची राहिली. कोणत्या पत्रात काय विचारले, कशाचे उत्तर आले आणि कशाचे आले नाही, हे तिला तोंडपाठ होते. दिवस तिने मोजले. इंग्रजी मसुद्यावर सही केली असती, तर १९ जूनच्या दोन ओळींनंतर पुढे काय लिहावे हे तिला आम्हांस विचारावे लागले असते, आणि आमच्या सवडीवर ते अवलंबून राहिले असते. ज्या भाषेत माणूस हिशेब करतो, त्याच भाषेत त्याला हिशेब मागता येतो.

बँकांना भाषेचे बंधन नाही असेही नाही. किरकोळ ग्राहकांच्या वापरातील छापील साहित्य, म्हणजे खाते उघडण्याचे नमुने, भरणा चिठ्ठ्या, पासबुके इत्यादी, इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत असावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. धनादेशही या तीनपैकी कोणत्याही भाषेत लिहिता येतो. अडचण आहे ती 'प्रदेशाची भाषा' या शब्दांत. प्रदेश म्हणजे राज्य असा अर्थ लावला, की बेळगाव, निपाणी, खानापुरात ती कन्नड होते, वडोदऱ्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हिंदीमुळे निदान लिपी ओळखीची मिळते. हैदराबाद-बेळगावकरांना तेवढाही दिलासा केवळ हिंदीच्या ओळीतून शोधावा लागतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामात मराठीच्या वापरासही वाव ठेवला, तरी बँकेच्या नमुन्यावर ती दिसेलच असे नाही.

गंमत अशी, की ज्या नोटा त्या यंत्रात अडकल्या होत्या, त्या स्वतः मराठी जाणतात. पाचशेची नोट उलटून पाहावी. मागच्या बाजूच्या पट्टीवर पंधरा भाषांत तिचे मूल्य लिहिलेले असते. इंग्रजी वर्णक्रमाने चौथी कन्नड, सहावी कोंकणी, आठवी मराठी. 'पाचशे रुपये' हे शब्द तेथे बेळगावातही असतात आणि चंडीगडातही. राज्याची सीमा ओलांडली म्हणून नोट आपल्या भाषा पुसत नाही. नोटेला जे जमते ते ती देणाऱ्या यंत्राला जमू नये, असे काही नाही. यंत्राच्या पडद्यावर आणखी एक भाषा दाखविण्यास नवे बटण लागत नाही.

भारतीय संविधानाचा ३५० वा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीस असा हक्क देतो, की तिने आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे किंवा प्राधिकरणाकडे, संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यावे. हा अनुच्छेद आपण सभांमधून अनेकदा ऐकतो. तो सभेत उच्चारून जिवंत राहत नाही. खिडकीपाशी उभे राहून, आदबीने, आपल्या अक्षरात लिहिलेला कागद पुढे केला आणि त्यावर शिक्का घेतला, म्हणजे तो जिवंत राहतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; त्याचा निकाल आपल्या हाती नाही. अर्जाची भाषा मात्र आजही आपल्या हाती आहे.

ज्या वाचकांवर असा प्रसंग येईल त्यांच्या सोयीसाठी आईच्या पहिल्या अर्जाचा नमुना, तिच्या अनुमतीने, खाली देत आहोत. कंसाऐवजी रेघा आहेत, तेथे आपला तपशील घालावा.

दिनांक: ——

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
—— बँक, —— शाखा.

विषय: एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा झाल्याबाबत.

महोदय,
माझे खाते क्रमांक —— आपल्या शाखेत आहे. दिनांक —— रोजी —— वाजता —— येथील —— बँकेच्या एटीएममधून मी —— रुपये काढण्याचा प्रयत्न केला. यंत्रातून रक्कम मिळाली नाही. परंतु ती माझ्या खात्यावर नावे पडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या दिनांक २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम पाच दिवसांत परत जमा करावी व विलंब झाल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई जमा करावी, ही विनंती. यंत्राची अंतर्गत नोंद, रोकडीची मोजणी व कॅमेऱ्याचे चित्रण तपासून लेखी कळवावे. या अर्जाची पोच द्यावी.

आपली विश्वासू,
सही ——

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. फोनवर आलेला संदेश पुसू नये. शाखेने अर्ज घेण्यास नकार दिला, तर वाद न घालता तो स्पीड पोस्टाने त्याच शाखेस पाठवावा. टपालपावती हीच मग पोच होते. तीस दिवस वाट पाहावी, आणि मग चंडीगडचा रस्ता धरावा. तोवर रोज एक दिवस मोजत राहावे, कारण सहाव्या दिवसापासून प्रत्येक दिवस आपल्या खात्यावर जमा होण्याच्या बाजूचा असतो.